उन्हानं वाळतो, पाण्यानं फुटतो: सोसायटीतला डांबरी रस्ता नीट दुरुस्त कसा करायचा

ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला आमची सोसायटी आहे. गेटपासून मागच्या पार्किंगपर्यंत साधारण ६० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा आतला डांबरी रस्ता. गेल्या मार्चमध्ये भर दुपारी त्या रस्त्याच्या कडेचा एक तुकडा मी नुसत्या हातानं उचलला. पहार लागली नाही. तुकडा तळहाताएवढा, दोन बोटं जाड. वरची बाजू राखाडी, त्यातून खडीचे दाणे उघडे पडलेले. दोन्ही हातांत धरून मोडला तर जुन्या टोस्टासारखा कट्कन तुटला. आतला रंग काळाच होता, पण कोळशासारखा कोरडा, तकाकी अजिबात नाही.

मग दहा पावलांवर आंब्याच्या झाडाखाली, सावलीतल्या कडेचा असाच एक तुकडा काढला. तो सुटायला पहार लागली, आणि मोडताना आधी किंचित वाकला, मग तुटला. दोन्ही एकाच रस्त्याचे, एकाच दिवशी टाकलेले, चौदा वर्षांचे. एकावर रोज ऊन पडत होतं, दुसऱ्यावर फार कमी.

नोकरीची बरीच वर्षं मी रस्त्यांच्या साइटवर काढली, आता सोसायटीच्या कमिटीत आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी मीटिंगमध्ये तेच वाक्य ऐकते, "जरा पॅच मारून घेऊ." पॅच मारला जातो, पुढच्या जुलैत निघून जातो, पैसे पुन्हा जातात. ही सभासदांच्या घामाची रक्कम असते, म्हणून हा विषय मला मनापासून समजावून सांगायचा आहे. रस्ता का बिघडला हे कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.

तिळाचा लाडू आणि डांबरी रस्ता

संक्रांतीचा तिळाचा लाडू डोळ्यांसमोर आणा. तीळ म्हणजे खडी, गुळाचा पाक म्हणजे डांबर. रस्त्याच्या मिश्रणात वजनानं जवळजवळ ९५ टक्के दगड असतो, खडी, कच (बारीक दगडी चुरा) आणि भुकटी मिळून. डांबर फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. भार दगडच उचलतो. डांबराची कामं दोन: दगडाला दगड धरून ठेवणं आणि पाणी आत शिरू न देणं.

लाडू वळणाऱ्या बाईला जे ठाऊक असतं तेच रोलरवाल्याला ठाऊक असावं लागतं. पाक गरम आहे तोवरच वळायचं. गार झाला की कितीही दाबा, लाडू फुटतो. चिकटू नये म्हणून आपण तळहाताला पाणी लावतो, तसंच रोलरच्या चाकावर पाणी सोडतात. पाण्याऐवजी फावड्याला किंवा चाकाला डिझेल चोपडत असतील तर तिथल्या तिथे थांबवा. डिझेल डांबराला विरघळवतं, आणि तो भाग कायमचा भुसभुशीत राहतो.

आपण डांबर म्हणतो ते आता जवळपास सगळीकडे बिटुमेन असतं, म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे काढून घेतल्यावर तळाशी उरलेला जड भाग. दगडी कोळशापासून निघणारं कोलतार ही वेगळी वस्तू, पण बोलताना दोघांनाही डांबर म्हणायची सवय राहिली. कोलतारात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. मुलं खेळतात अशा आवारात कोलतारचा लेप घेऊ नका.

बिटुमेनची प्रत आपल्याकडे व्हीजी-१०, व्हीजी-३०, व्हीजी-४० अशी सांगतात (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड). आकडा जितका मोठा, तितकं ते उष्णतेत घट्ट राहणारं. ही घट्टता ६० अंश सेल्सिअसला मोजतात, कारण आपल्या उन्हाळ्यात भर दुपारी काळा रस्ता साधारण तिथपर्यंत तापतो. एप्रिलमध्ये ठाण्यात हवा ३६-३७ अंशांवर असताना रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून वीस-पंचवीस अंशांनी गरम असतो. सोसायटीच्या कामाला साधारणपणे व्हीजी-३० योग्य. कोटेशनमध्ये नुसतं "डांबर" लिहिलेलं असेल तर प्रत लिहून मागा.

ऊन नेमकं काय करतं

ऊन डांबरावर दोन उलट परिणाम करतं, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पहिला परिणाम रोजचा. दुपारी डांबर मऊ होतं, रात्री पुन्हा घट्ट. ते वितळून वाहत नाही, मऊ पडतं. मे महिन्यात स्कूटर साइड स्टँडवर लावली तर स्टँड रुततो आणि रुपयाएवढा खळगा पडतो. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की खडी सुटते. हे नव्या रस्त्यावर जास्त होतं.

दुसरा परिणाम वर्षानुवर्षांचा. गॅसजवळ कायम असणाऱ्या कढईची बाहेरची कड आठवा. तिथे ओघळलेलं तेल आधी पातळ असतं, काही दिवसांनी चिकट होतं, आणि शेवटी असं कडक, काळं कवच बनतं की तारेच्या घासणीनंही निघत नाही. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तेलाचं रूपच बदलतात. डांबराचंही काहीसं तसंच होतं. त्यातला हलका, तेलकट भाग कमी होतो, उरलेलं ऑक्सिजनशी जोडलं जाऊन ताठर बनतं. सूर्याचे अतिनील किरण फक्त अगदी वरचा पापुद्रा जाळतात, उष्णता मात्र खोलवर काम करते. म्हणून रस्ता आधी राखाडी दिसतो, मग बारीक खडी सुटून गेटजवळ साचते, मग केसासारख्या भेगा दिसतात. झाडू मारणाऱ्या मावशी "रोज खडी निघते" म्हणायला लागल्या की रस्ता म्हातारा व्हायला लागला असं समजा. तेव्हा लक्ष दिलं तर खर्च सगळ्यात कमी येतो.

पण नुसत्या उन्हानं खड्डा पडत नाही. ऊन रस्त्याला ठिसूळ करतं, फोडतं ते पाणी. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भेगेत पाणी शिरतं, वरून टायर जातो, पाण्यावर दाब येतो, आणि त्या दाबानं डांबर दगडावरून सोललं जातं. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, बेसाल्टची, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. बेसाल्टला डांबर बऱ्यापैकी घट्ट धरतं. पण खडीवर धूळ असेल तर डांबर धुळीला चिकटतं, दगडाला चिकटतच नाही. पाणी आणखी खाली, रस्त्याच्या खालच्या थरातल्या मुरुमापर्यंत पोचलं की तो लापशीसारखा होतो, आणि वरचा थर आधाराविना लोंबकळतो.

टँकर

आमच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात, काही सोसायट्यांत वर्षभर. मीटिंगमध्ये गाड्यांच्या संख्येवर वाद होतो, टँकरचं नाव कोणी काढत नाही. हिशेब बघा. मोटारीच्या एका अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आडव्या दांड्यावर, साधारण ६००-७०० किलो भार असतो. दहा हजार लिटर पाणी भरलेल्या टँकरच्या मागच्या अॅक्सलवर सहज १० टन. म्हणजे जवळपास पंधरा पट. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवण्याचा मोठा प्रयोग झाला होता. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही वापरतात: रस्त्याचं नुकसान अॅक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. पंधराचा चौथा घात ५०,६२५. एक टँकर आत आला म्हणजे पन्नास हजार मोटारी जाऊन गेल्यासारखं. आकडा ढोबळ आहे, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

त्यामुळे टाकीच्या तोंडाशी, जिथे टँकर उभा राहतो आणि पाइपातून पाणीही गळतं, तिथे रस्ता सगळ्यात आधी खचतो. तेवढ्या चौकोनात डांबराचा हट्ट सोडून काँक्रीट करावं, असं माझं ठाम मत आहे. बाकी रस्ता डांबरी राहू द्या.

आधी भेगा वाचा

ठेकेदाराला बोलावण्याआधी सकाळी खडू घेऊन रस्त्यावरून एक फेरी मारा. रस्ता ओला असेल तर उत्तम, पाणी सुकताना भेगा ओल्या राहतात आणि ठळक दिसतात.

बारीक भेगा, मोठ्या फरशीसारखे चौकोन, पण पाय दिल्यावर काही हलत नाही, हे वयाचं लक्षण. वरवरचा उपाय पुरतो. एकाच सरळ रेषेत भेग असेल, तर तिथे कधीतरी पाण्याच्या, गॅसच्या किंवा केबलच्या पाइपासाठी चर खणला होता का ते आठवा. चर भरताना माती नीट धुम्मस केलेली, म्हणजे ठोकून घट्ट बसवलेली नसते, ती नंतर बसते. मगरीच्या पाठीसारखं जाळं दिसत असेल, एकेक तुकडा मुठीएवढा आणि त्यावर उभं राहिल्यावर किंचित डुगडुगतो, तर बिघाड खालच्या थरात आहे. त्यावर कितीही चांगलं डांबर टाका, दोन पावसाळ्यांत तीच जाळी वर उमटेल. तेवढा भाग खणायलाच हवा. आमच्याकडे नेमकी हीच चूक झाली होती. एका ठेकेदारानं जाळीवरच पंचवीस मिलीमीटरचा नवा थर ओढून दिला, सगळं काळंभोर आणि सुंदर दिसलं, आणि आम्हीही बिल पास केलं. पुढच्या ऑगस्टमध्ये तिथे पाऊल बुडेल एवढा खड्डा होता.

वरवरचे उपाय

रस्ता राखाडी झालाय, खडी सुटतेय, पण पाया मजबूत आहे, अशा वेळी इमल्शनचा फवारा पुरतो. इमल्शन म्हणजे पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात मिसळलेलं डांबर. सावकाश सुकणारं घ्यायचं, तितकंच पाणी मिसळून पातळ करायचं, आणि चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर या मापानं फवारायचं. ते बारीक भेगांत झिरपतं आणि सुटत चाललेले दाणे धरतं. डबा उघडल्यावर चॉकलेटी रंग दिसला तर घाबरू नका, पाणी उडून गेलं की ते काळं होतं. फवारल्यावर काही तास रस्ता निसरडा असतो, त्यामुळे वर हलकी कच भुरभुरवून घ्या आणि तोवर दुचाकी आत सोडू नका. ज्या ठिकाणी डांबर आधीच वर येऊन चकाकतंय तिथे हा फवारा मारायचा नाही.

भेग तीन मिलीमीटरपेक्षा रुंद असेल तर फवारा पुरत नाही. भेगेतली माती आणि गवताची मुळं तारेच्या ब्रशनं आणि हवेच्या झोतानं काढून, आत इमल्शन आणि बारीक कच यांचं मिश्रण भरायचं. भेग साफ न करता वर डांबर ओतलं तर ते मातीला चिकटतं आणि पहिल्या सरीबरोबर सालीसारखं निघतं.

खड्डा भरण्याची खरी रीत

इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

खड्ड्याभोवती खडूनं चौकोन आखा, खड्ड्यापेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठा, घट्ट रस्ता लागेपर्यंत. त्या रेघेवर कटरनं काप घ्यायचा, कडा सरळ उभ्या आल्या पाहिजेत. बशीसारखा उतरता खड्डा ठेवला तर कडेला माल पापडासारखा पातळ पडतो आणि तिथूनच उचकटतो. आतला सुटा माल, ओला मुरूम, सगळं बाहेर. खाली लापशी झाली असेल तर तीही काढून नवी खडी भरून धुम्मस करायची. मग झाडून, फुंकून, कोरडं करायचं. हात लावून बघा. धूळ बोटाला लागली तर अजून झाडायचंय.

त्यानंतर टॅक कोट, म्हणजे लवकर सुकणाऱ्या इमल्शनचा पातळ हात. तळाला आणि चारही उभ्या कडांना. जुना रस्ता आणि नवा माल यांना जोडणारा हाच. चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास पुरतं. थारोळं साचलं तर उलट नवा थर सरकतो. चॉकलेटी रंग काळा होईपर्यंत थांबायचं, आणि नेमकी इथेच घाई होते.

आता माल. हॉटमिक्स, म्हणजे खडी आणि डांबर गरम करून मिसळलेला माल, प्लांटमधून दीडशे अंशांच्या पुढे निघतो. व्हीजी-३० वापरलं असेल तर पसरताना तो किमान १४० अंश आणि रोलिंग संपताना ९० अंशांच्या वर असावा. पण घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे. माजिवड्याला किंवा कापूरबावडीला डंपर तासभर अडकला आणि वर ताडपत्री नसेल, तर गेटपर्यंत येईतो मालावर गार पापुद्रा धरलेला असतो. मी एकदा मुकादमाला विचारलं, "दादा, माल गार झालाय का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, वाफ आहे की अजून." वाफ तर चहालाही असते. कमिटीनं एक तापमान मोजायची बंदूक विकत घ्यावी, महाग नाही. मालाच्या ढिगात खुरप्यानं वीतभर खोल खणून आतलं तापमान बघायचं, वरून बघितलं तर फसाल. शक्यतो माल रात्री उशिरा किंवा पहाटे मागवा.

पसरताना माल खड्ड्याच्या वर चढलेला ठेवा. पाच सेंटीमीटर जाडी हवी असेल तर साधारण सव्वासहा सेंटीमीटर पसरायचा, दाबल्यावर तो बसतो. खड्डा खोल असेल तर पाच-सात सेंटीमीटरच्या थरांत भरा, प्रत्येक थर वेगळा दाबा. रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर कडेपासून मधे आणायचा. फावड्याची पाठ आपटणं आणि वरून डंपरचं चाक फिरवणं म्हणजे दाबणं नव्हे. नीट न दाबलेल्या मालात पोकळी राहते. पोकळी साधारण आठ टक्क्यांच्या वर गेली की ती एकमेकींना जोडली जाते आणि रस्ता स्पंजासारखा पाणी पितो. शेवटी सांध्यावर चारही बाजूंनी इमल्शनचा पट्टा आणि वर कच.

मालाचा हिशेबही सोपा आहे. दाबलेल्या मालाचं वजन घनमीटरला २.३ टनांच्या आसपास. एक मीटर बाय एक मीटर, पाच सेंटीमीटर खोल खड्ड्याला ११५ किलो माल लागतो. आमच्या ६० बाय ५ मीटरच्या रस्त्यावर पंचवीस मिलीमीटरचा थर घ्यायचा तर १७ टनांच्या वर. वजनकाट्याची पावती मागा. पावती १२ टनांची आणि बिल पंचवीस मिलीमीटरचं असेल, तर कुठेतरी थर पातळ आहे.

पावसाळ्यातच खड्डा पडला तर गोणीत मिळणारा कोल्डमिक्स, म्हणजे गरम न करता वापरायचा तयार माल, वापरा. पाणी उपसून, सुटा माल काढून, थराथरानं दाबून. हॉटमिक्सइतका तो टिकत नाही, पण दिवाळीपर्यंत पाणी खाली मुरू देत नाही. खड्ड्यात पेव्हर ब्लॉक किंवा विटांचे तुकडे टाकू नका. ते हलतात, कडा आणखी फोडतात, आणि दुचाकीवरचा माणूस पडतो.

उन्हाळ्यात काम करायचं की नाही

करायचं, पण कोणतं काम कधी हे पाहून. हॉटमिक्सला तापलेली जमीन मदत करते, माल सावकाश गार होतो, रोलरला वेळ मिळतो. पातळ थर थंड जमिनीवर दहा-पंधरा मिनिटांत हातचा जातो. इमल्शनचं मात्र उलट आहे. एप्रिलच्या दुपारी फवारलं तर वरची साय लगेच धरते, आत झिरपतच नाही. ते सकाळी लवकर करा. माझ्या मते दसऱ्यानंतर जमीन पूर्ण सुकली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मेच्या शेवटच्या आठवड्यात काढलेलं काम घाईत होतं, आणि वळवाची एक सर आली तर टॅक कोट धुऊन जातो.

कामगारांसाठी सावली आणि पाणी सोसायटीनं ठेवावं. साठ अंशांच्या रस्त्यावर दीडशे अंशांचा माल ते हाताळत असतात. कोणाच्या अंगावर गरम डांबर उडालं तर ताबडतोब भरपूर साधं पाणी ओतत राहायचं आणि दवाखान्यात न्यायचं. चिकटलेलं डांबर ओढून काढायचं नाही, कातडी सोलली जाते.

काम झाल्यावर निदान एक रात्र तरी गाड्या बाहेर ठेवा, टँकरला चार दिवस लांब थांबवून पाइप आत घ्या. पहिल्या उन्हाळ्यात साइड स्टँडखाली लाकडाची फळी ठेवायला सांगा, वॉचमनकडे दहा-बारा फळ्या देऊन ठेवल्या की लोक वापरतात. आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस थांबला की तासाभरानं खडू घेऊन खाली उतरा. जिथे अजून पाणी साचलेलं दिसेल तिथे पाण्याच्या कडेनं गोल काढा आणि फोटो घ्या. उतार कुठे चुकलाय ते त्या गोलांवरून कळतं, आणि ठेकेदाराच्या हमीची मुदत चालू असतानाच त्याला ते दाखवता येतं.